काही एकर डांबर

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी २ डिसेंबर १९५५ रोजी वॉशिंग्टनमध्ये एक संयुक्त पत्रक काढले. त्यात ‘अतिपूर्वेकडील पोर्तुगीज प्रांत’ असा शब्दप्रयोग होता. चार दिवसांनी पत्रकारांनी छेडले, तेव्हा डलेस म्हणाले की आपल्या माहितीप्रमाणे गोवा हा पोर्तुगालचा प्रांत असल्याचे सारे जग मानते.

हे वाक्य पुण्या-मुंबईत, बेळगावात, सावंतवाडीत कसे ऐकले गेले असेल याची कल्पना आज करता येते. साडेतीन महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्टला, गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. वीसहून अधिक माणसे मेली होती. ना. ग. गोरे आणि मधु लिमये गोव्याच्या तुरुंगात होते. अशा वेळी ब्रिटिशांशी लढून स्वतंत्र झालेला, वसाहतवादाचा आपल्याला तिटकारा आहे असे सांगणारा देश गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणत होता. ‘प्रांत’ हा शब्दही भाबडा नव्हता. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले होते. वसाहती नाहीतच म्हटल्यावर त्या सोडण्याचा प्रश्न कुठून येणार? लिस्बनमध्ये घडवलेला हा शब्द डलेस यांनी जसाच्या तसा उचलला.

याची दोन कारणे आपल्याकडे पूर्वीपासून सांगितली जातात. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन तेव्हा भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोवा भारताचा आहे असे जाहीरपणे बोलत होते. शिवाय नेहरूंचे अलिप्ततेचे धोरण डलेस यांना मुळीच पसंत नव्हते. दोन्ही कारणे खरी आहेत. तिसरे कारण मात्र गोव्यापासून फार दूर, लिस्बनच्याही पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अटलांटिक महासागरातल्या एका बेटावर होते. गोव्याच्या इतिहासात ते फारसे येत नाही. ते यायला हवे, म्हणून हे प्रकरण.

अझोर्स हा पोर्तुगालच्या मालकीचा नऊ ज्वालामुखी बेटांचा समूह. त्यातल्या एका बेटाचे नाव तेर्सेइरा, म्हणजे तिसरे; शोध लागण्याच्या क्रमात ते तिसरे होते. काळ्या दगडांचे गडगे घालून पाडलेली लहान लहान शेते, त्यांत चरणाऱ्या गाई, आणि ईशान्य टोकाला लाजेश नावाचा विमानतळ. आज त्याची धावपट्टी सुमारे ३.३ किलोमीटर लांब आहे. अशा जागी एवढ्या लांब पट्टीचे मोल काय असते? २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचे इंधन गळून संपले, दोन्ही इंजिने बंद पडली. सुमारे १९ मिनिटे घारीसारखे तरंगत ते विमान लाजेशला उतरले आणि आतली ३०६ माणसे वाचली. आसपास दुसरीकडे उतरायला होते ते फक्त पाणी. नकाशावर युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये बोट ठेवायला जी मोजकी जागा आहे, ती ही.

१९४३ च्या वसंतात हीच जागा ब्रिटन आणि अमेरिकेला हवी होती. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांचे तांडेच्या तांडे बुडवत होत्या. त्यांना विमानांचे भय होते. पण न्यूफाउंडलंड, आइसलंड किंवा उत्तर आयर्लंडमधून निघालेले विमान महासागराच्या मध्यापर्यंत पोचून तिथे तासन् तास घिरट्या घालू शकत नव्हते. मधल्या पट्ट्यात जहाजांच्या डोक्यावर छत्रच नव्हते. अझोर्समध्ये तळ मिळाला, तर या पट्ट्याचा मोठा भाग झाकला जाणार होता.

पोर्तुगाल मात्र तटस्थ होता. तिथला हुकूमशहा अंतोनियु द ऑलिव्हेइरा सालाझार हा मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. काटकसरी, एकलकोंडा, कागदावरचा शब्द न् शब्द तोलणारा. पंतप्रधानपद त्याच्याकडे होतेच, परराष्ट्र खातेही त्याने स्वतःकडे ठेवले होते. युद्धसामग्रीला लागणारे टंगस्टन तो जर्मनीलाही विकत होता आणि ब्रिटनलाही. जर्मनीने पोर्तुगालवर हल्ला करू नये एवढ्यासाठी तो फार जपून पावले टाकत होता.

मे १९४३ मध्ये वॉशिंग्टनच्या बैठकीत चर्चिल आणि रूझवेल्ट यांचा कल बेटे सरळ काबीज करण्याकडे झुकला. त्यासाठी आखणीही सुरू झाली. लंडनमधून ॲंथनी ईडन आणि क्लेमंट ॲटली यांनी याला ठाम विरोध केला. हिटलरने छोट्या तटस्थ देशांवर हल्ले केले म्हणून आपण हे युद्ध लढतो आहोत. मग तटस्थ मित्राच्या घरात आपणच कसे घुसायचे? आधी विचारून तर पाहू, असे त्यांचे म्हणणे होते. मला या सगळ्या कथेत हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. महायुद्ध ऐन भरात असताना, हाती बळ असताना, दोन माणसांनी विचारून पाहण्याचा आग्रह धरला आणि तो मानला गेला.

विचारायचे कोणत्या आधाराने, हा पुढचा प्रश्न. ब्रिटिशांनी एक जुना कागद बाहेर काढला. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड आणि पोर्तुगालचा राजा फर्डिनांड यांच्यात १६ जून १३७३ रोजी मैत्रीचा तह झाला होता. सन नीट पाहावा: आपल्याकडे दख्खनमध्ये बहमनी सलतनत सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाव शतक झाले होते. हा तह अजून जिवंत आहे आणि त्याप्रमाणे आम्ही मदत मागतो आहोत, असे ब्रिटिश राजदूत रोनल्ड कॅम्पबेल यांनी जूनमध्ये सालाझारला कळवले. सालाझारने तत्त्वतः होकार दिला, बारकावे घासायला दोन महिने घेतले आणि १७ ऑगस्ट १९४३ रोजी करार झाला. ८ ऑक्टोबरला ब्रिटिश तुकड्या तेर्सेइराच्या किनाऱ्याला लागल्या. कच्च्या जमिनीवर भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्या जोडून त्यांनी धावपट्टी पक्की केली आणि विमाने पाणबुड्यांच्या शोधात निघाली. १२ ऑक्टोबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये ही घोषणा करताना १३७३ या सनाचा उच्चार मुद्दाम शांतपणे केला. तो ऐकून सभागृह अवाक झाले.

हा जुना तह म्हणजे केवळ हौस नव्हती. त्यामुळे सालाझारला जर्मनीपुढे सांगता आले की मी नव्याने कोणाची बाजू घेतलेली नाही, जवळपास सहाशे वर्षांपूर्वीचे देणे फेडतो आहे. दुसरे म्हणजे या तहाला अमेरिका पक्षकार नव्हती. म्हणजे दार उघडायचे ते ब्रिटनपुरतेच. अमेरिकी विमानांना उतरायचे असेल, तर ती ब्रिटिश नियंत्रणाखाली उतरतील, असा त्याचा हट्ट होता. मोबदल्यात त्याने ब्रिटनकडून विमाने आणि विमानविरोधी तोफा मागितल्या, आणि पोर्तुगालच्या साऱ्या वसाहती अबाधित राहतील असे वचन घेतले.

हे वचन त्याला अमेरिकेकडूनही हवे होते. त्यामागे एक ताजी जखम होती. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य पोर्तुगीज तिमोरमध्ये परवानगीविना उतरले होते. पुढे दोन महिन्यांत जपान्यांनी ते बेट घेतले. तटस्थ देशाची जमीन मित्रांनीच तुडवली, हे सालाझार विसरला नव्हता.

अमेरिकेचे लिस्बनमधले काम तेव्हा एका ३९ वर्षांच्या अधिकाऱ्याच्या अंगावर पडले होते. त्याचे नाव जॉर्ज केनन. पुढे सोव्हिएत संघाला रोखून धरण्याच्या धोरणाचा जनक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. वरिष्ठ राजदूत जुलैमध्ये वारल्याने तो प्रभारी होता. वॉशिंग्टनकडून त्याला आधी सांगण्यात आले की सालाझारला वसाहतींबद्दलचे वचन दे. मग सांगण्यात आले की थांब. त्यानंतर थेट मागण्यांची यादीच आली: तळ, बंदरे, दळणवळण केंद्रे. यादी एवढी मोठी होती की ती पाहून सालाझार उठून जाईल आणि ब्रिटिशांनी मिळवलेलेही हातचे जाईल, अशी केननला खात्री वाटली. त्याने ती सादर करायला नकार दिला. त्याला तातडीने वॉशिंग्टनला बोलावण्यात आले. युद्धखात्याच्या बैठकीत सेनाप्रमुखांसमोर त्याची काही डाळ शिजली नाही. पण हार न मानता तो अध्यक्षांपर्यंत पोचला. पहिल्या महायुद्धातला अझोर्समधला अमेरिकी नौदल तळ त्या युद्धानंतर आवरला गेला, तेव्हा रूझवेल्ट नौदलाचे उपमंत्री होते. म्हणजे अमेरिका तिथे येते आणि काम झाले की जाते, याचे ते स्वतः साक्षीदार होते. त्यांनी सालाझारला त्या आशयाचे व्यक्तिगत पत्र लिहून केननच्या हाती दिले. तिढा सुटू लागला.

वाटाघाटीचा धडा म्हणून केननची ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. समोरच्याला काय दुखते हे ओळखल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही. मला मात्र त्यातल्या दुसऱ्याच वाक्यापाशी थांबावेसे वाटते. अमेरिका पोर्तुगालच्या सर्व वसाहतींमधील त्याच्या सार्वभौमत्वाचा आदर करील, असे वचन ऑक्टोबर १९४३ मध्ये लिस्बनला मिळाले. ‘सर्व वसाहतींमध्ये’ म्हणजे अंगोला, मोझांबिक, गिनी, तिमोर, आणि गोवाही. अटलांटिकमधल्या पाणबुड्यांचा बंदोबस्त करायला बसलेल्या त्या खोलीत गोव्याचे नाव कोणाच्या मनातही नसेल. त्या एका शब्दात गोवा तरीही सामावला गेला.

सालाझारने अमेरिकेला धावपट्टी दिली, तीही सावकाश. २८ नोव्हेंबर १९४४ च्या कराराने अझोर्समधल्याच सांता मारिया बेटावर अमेरिकेला तळ बांधता आला. मोबदल्यात तिमोर सोडवण्याच्या मोहिमेत पोर्तुगालला वाटा मिळणार होता. युद्ध संपले, १९४६ मध्ये सांता मारिया पोर्तुगालच्या ताब्यात परत गेले आणि अमेरिकी विमाने लाजेशला आली. पहिली मुभा १८ महिन्यांची होती. मग १९४८ चा करार. १९४९ मध्ये नाटोची स्थापना झाली, तेव्हा लोकशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्याची ग्वाही देणाऱ्या त्या संघटनेच्या संस्थापकांत सालाझारचा पोर्तुगालही होता. अझोर्स नसते तर हे आमंत्रण गेले असते असे मला वाटत नाही. १९५१ मध्ये सविस्तर संरक्षण करार झाला, १९५७ मध्ये त्याची मुदत वाढली. नव्या मुदतीची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर १९६२. ही तारीख वाचकाने ध्यानात ठेवावी.

अशा करारांत नेमके घासाघाशीचे काय असते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एक देश दुसऱ्याला जागा भाड्याने देतो. पण ‘भाडे’ हा शब्द दोघांनाही नको असतो. देणाऱ्याला तो नको, कारण स्वतःची भूमी भाड्याने लावल्याचे कोणत्या सरकारला आपल्या जनतेपुढे कबूल करायचे असते? घेणाऱ्याला नको, कारण एकाला भाडे दिले की दहा जण मागायला उभे राहतात. म्हणून पैसा मदत, कर्ज, धान्य, शस्त्रे अशा रूपांनी फिरतो. झेंडा यजमानाचाच राहतो आणि तळाचा प्रमुखही त्याचाच अधिकारी असतो. लाजेश कागदोपत्री पोर्तुगीज हवाई दलाचा चौथा तळ आहे आणि अमेरिकी तिथे पाहुणे आहेत. तिथे बांधलेल्या इमारती, टाक्या, पट्ट्या शेवटी कोणाच्या? पाहुण्या सैनिकाच्या हातून गुन्हा घडला, तर खटला कोणाच्या न्यायालयात? या प्रत्येक प्रश्नावर महिने जातात.

खरी मेख एका क्रियापदात असते. विमान उतरण्याआधी यजमानाला ‘कळवायचे’ की ‘विचारायचे’? कळवायचे असेल तर तळ जवळपास आपलाच झाला. विचारायचे असेल, तर प्रत्येक संकटात यजमान नव्याने किंमत सांगू शकतो. लाजेशचा करार नाटोच्या चौकटीतला होता. नाटोच्या कामासाठी तळ वापरायला हरकत नव्हती. त्याबाहेरच्या कामासाठी लिस्बनचा होकार लागे. हे कलम अनेक वर्षे झोपून होते. जागे झाले तेव्हा काय झाले, ते पुढे येईल.

आणि नाटोच्या चौकटीला भूगोलही होता. संघटनेच्या तहातले सहावे कलम सांगते की संरक्षणाची हमी युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकमधल्या कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील बेटांना आहे. अझोर्स त्यात बसतात. गोवा पंधराव्या अक्षांशावर, वेगळ्याच समुद्राच्या काठी. पोर्तुगालने नाटोची सावली गोव्यावर ओढण्याचा खटाटोप केला, पण त्या कलमाने तो होऊ दिला नाही. मग हाती उरले ते वॉशिंग्टनचे शब्द, आणि शब्दांची किंमत लाजेशमध्ये वसूल होत होती. डलेस यांचे १९५५ चे पत्रक या हिशेबातच वाचले पाहिजे.

जॉन केनेडी जानेवारी १९६१ मध्ये अध्यक्ष झाले आणि वारे थोडे फिरले. अंगोलात उठाव झाला होता. १५ मार्च रोजी सुरक्षा परिषदेत अमेरिकेने आपल्याच मित्राविरुद्ध, पोर्तुगालविरुद्ध, मत दिले. लिस्बनमध्ये संतापाची लाट उसळली. सालाझारने तळ काढून घेण्याची उघड धमकी दिली नाही. तशी गरजही नव्हती. १९६२ संपायला पावणेदोन वर्षे उरली होती आणि तारीख दोघांनाही पाठ होती. बर्लिनचा पेच त्याच वर्षी चिघळला. युरोपकडे सैन्य आणि सामान न्यायचे तर लाजेश हवेच, असे अमेरिकी सेनाधिकारी अध्यक्षांना बजावत होते.

दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ. वसाहतवादाच्या प्रश्नावर अमेरिकेने स्वच्छ भूमिका घ्यावी म्हणून ते वॉशिंग्टनशी भांडत राहिले. अटलांटिकमधल्या काही एकर डांबरासाठी आपण आपले आफ्रिकेचे धोरण विकतो आहोत, अशा आशयाचे त्यांचे वाक्य नंतर गाजले. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचे लक्ष मात्र लिस्बनकडे होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या सीमेवर भारतीय फौजा जमल्या, तेव्हा गॅलब्रेथ यांच्या हाती नेहरूंना देण्यासारखे काहीच नव्हते. कारवाई पुढे ढकला, एवढीच विनंती होती. लिस्बनवर दबाव आणून सालाझारला टेबलाशी बसवण्याची ताकद अमेरिकेकडे असेलही. ती वापरायची तर लाजेश पणाला लावावे लागले असते, आणि तेवढी तयारी वॉशिंग्टनची नव्हती.

१८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या लोहगावहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. इमारती सोडून फक्त पट्टी निकामी करायची, असा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. सैनिक जिंकतील किंवा मरतील, शरण येणार नाहीत, अशी सालाझारची आज्ञा होती. या माणसाने ती पाळली नाही आणि आपल्या शिपायांचे तसेच गोमंतकीयांचे प्राण वाचवले. त्याबद्दल त्याला लष्करातून बडतर्फ करण्यात आले.

त्या दिवसांत आणखी एक धावपट्टी मागितली गेली होती. लिस्बनहून गोव्याला कुमक पाठवायची तर विमानांना वाटेत उतरायला तळ हवे होते. पोर्तुगालने ब्रिटनकडे तसे विचारले. १९४३ मध्ये ज्या मैत्रीच्या नावाने ब्रिटनने लाजेश मागितले होते, तीच ही मैत्री. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य होता आणि ब्रिटनला त्याच्याविरुद्ध उभे राहायचे नव्हते. विमानतळ मिळाले नाहीत. ३ जानेवारी १९६२ रोजी पोर्तुगीज संसदेत सालाझारचे भाषण होते, त्यात ब्रिटनबद्दलची ही कटुता होती. बोलताना त्याचा आवाजच फुटेना. भाषण संसदेच्या अध्यक्षांना वाचून दाखवावे लागले.

१८ डिसेंबरलाच सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर जहरी टीका केली. युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मते मिळाली, विरोधात चार. त्या चारांत सोव्हिएत संघाचे मत नकाराधिकाराचे होते, म्हणून ठराव पडला. पण स्टीव्हन्सन यांच्या कठोर शब्दांनी सालाझार निवला नाही. त्याच्या लेखी अमेरिकेने गोवा वाचवला नव्हता. भारताच्या लेखी अमेरिकेने वसाहतवादाची पाठराखण केली होती. धावपट्टीपायी दोन्हीकडची पत गेली.

मग ३१ डिसेंबर १९६२ उजाडला. सालाझारने करार वाढवला नाही आणि अमेरिकेला जा असेही म्हटले नाही. मुंबईतल्या जुन्या चाळींत वाढलेल्यांना ही रीत लगेच कळेल: मालक भाडेपावती देणे बंद करतो. भाडेकरू राहतो, पण रोज टांगणीला लागून राहतो. लाजेशमध्ये अमेरिका तब्बल नऊ वर्षे अशी पावतीविना राहिली. याचा परिणाम संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात दिसतो. मार्च १९६१ मध्ये पोर्तुगालविरुद्ध मत देणाऱ्या अमेरिकेने ३१ जुलै १९६३ रोजी सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या वसाहतींबद्दलचा ठराव आला तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्ससह तटस्थ राहणे पसंत केले. अंगोलात, गिनीत, मोझांबिकमध्ये युद्ध पेटत गेले.

या काळात एक मराठी माणूस लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात कैदेत होता. गोवा मुक्तिलढ्यातले, सांगलीचे मोहन रानडे. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि इतर अनेकांनी जीव टाकून प्रयत्न केले. रानडे बाहेर आले ते १९६९ मध्ये, म्हणजे सालाझार आजाराने सत्तेवरून दूर झाल्यावर.

सालाझारच्या जागी आलेल्या मार्सेलु कायतानोने पावती द्यायचे ठरवले, पण आकडा लिहून. ९ डिसेंबर १९७१ च्या कराराने अमेरिकेला फेब्रुवारी १९७४ पर्यंत लाजेश मिळाले. मोबदल्यात ३ कोटी डॉलरचे धान्य-कर्ज, अमेरिकी निर्यात बँकेकडून ४० कोटी डॉलरपर्यंतचे कर्ज, शिक्षणासाठी १० लाख, वापरलेली साधनसामग्री आणि एक समुद्रसंशोधन जहाज. भाडे हा शब्द कुठेही नव्हता. चारच दिवसांनी निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू तेर्सेइरालाच भेटले; पाँपिदू काँकॉर्ड विमानाने आले. दोन बड्या अध्यक्षांच्या मध्ये यजमान म्हणून कायतानो उभा, हे छायाचित्रही मोबदल्याचाच भाग समजावे.

आता ते झोपलेले कलम. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला. इस्राएलचा दारूगोळा झपाट्याने संपू लागला आणि अमेरिकेने हवाई मार्गाने शस्त्रे पाठवायचे ठरवले. स्टारलिफ्टर मालवाहू विमाने भरल्या पोटी एका दमात तिथे पोचत नव्हती. अरब तेलाच्या भीतीने युरोपातले मित्रदेश एकामागून एक मागे सरले. कोणी तळ देईना, कोणी आपल्या आकाशातून जाऊ देईना. उरले लाजेश. पण हे काम नाटोचे नव्हते. म्हणजे विचारायला हवे होते.

कायतानोला आफ्रिकेतल्या युद्धासाठी शस्त्रे हवी होती. गिनीतल्या बंडखोरांकडे त्याच वर्षी खांद्यावरून सोडायची सोव्हिएत क्षेपणास्त्रे आली होती आणि पोर्तुगीज विमाने पडू लागली होती. त्याने तशीच शस्त्रे मागितली आणि उत्तर लांबवले. तेव्हा निक्सन यांच्या नावाने एक अत्यंत कडक पत्र लिस्बनला गेले. हेन्री किसिंजर यांच्या हाताखाली तयार झालेल्या या पत्राचा मथितार्थ असा: आज नाही म्हणालात, तर उद्या तुमच्यावर वेळ येईल तेव्हा आम्ही नसू. १३ ऑक्टोबरला होकार आला. १४ नोव्हेंबरपर्यंत ५६७ फेऱ्या झाल्या आणि २२ हजार टनांहून अधिक सामान पोचले. विमाने लाजेशहून जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरत आणि कोणत्याही देशाच्या हद्दीला स्पर्श न करता मधोमध उडत तेल अवीव गाठत.

या होकाराचे मोल पोर्तुगालने चुकवले. अरब देशांनी त्याचेही तेल तोडले. कायतानोच्या राजवटीला ना आफ्रिकेतले युद्ध जिंकता आले, ना थांबवता आले. २५ एप्रिल १९७४ रोजी त्या युद्धाला विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाची विमाने अंगणात उतरत असूनही ही राजवट एका दिवसात गेली.

तीस वर्षांच्या या वाटाघाटी वाचताना मला सतत एकच गोष्ट खुपत राहते. टेबलाच्या एका बाजूला धावपट्टी मागणारा, दुसऱ्या बाजूला देणारा. दोघेही आपापल्या देशाचे हित चोख पाहत होते, आणि मुत्सद्देगिरीच्या मापाने सालाझार तर अत्यंत कुशल निघाला. गरीब देशाने केवळ एका तारखेच्या जोरावर महासत्तेला तिष्ठत ठेवले. पण दिलेली किंमत त्या दोघांच्या खिशातली नव्हती. ती अंगोलातल्या लुआंडात, गिनीतल्या बिसाऊत, तिमोरमधल्या दिलीत आणि गोव्याच्या पत्रादेवी सीमेवर वसूल झाली. त्या टेबलाभोवती तिथल्या माणसांसाठी खुर्ची नव्हती. परकीय विमानतळाचा कोणताही करार वाचताना, आणि आपल्याही देशाने असा करार केला तर तो वाचताना, ही रिकामी खुर्ची कोणाची आहे ते शोधा.

लिस्बनमध्ये आलेल्या नव्या सरकारने वसाहती सोडायला सुरुवात केली. परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश दिल्लीला आले. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या तहावर त्यांनी सही केली. भारताच्या वतीने सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. तारीख होती ३१ डिसेंबर १९७४. लाजेशची जुनी मुदत संपली त्याला त्या दिवशी बरोबर एक तप झाले होते. १९७१ चा करारही फेब्रुवारीतच संपला होता आणि नवा व्हायला १९७९ उजाडणार होते. अमेरिकेची विमाने मात्र तेर्सेइरावर उतरतच होती.